अब्रू होती, अंग नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. पण माझ्यात पोपट-मैना कधी राहिल्या नाहीत. न्यायालयात आरोपी जिथे उभा राहतो, तो लाकडी पिंजरा म्हणजे मी.

एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. कठडा घासून गुळगुळीत करताना तो म्हणाला होता, "इथे येणाऱ्याचे पाय लटपटणार. धरायला काहीतरी नको का?" त्याचं खरं ठरलं. सायकलचोर आला, दुधात पाणी घालणारा आला, रागाच्या भरात सख्ख्या भावाचं डोकं फोडणाराही आला. कोणी ढसाढसा रडलं, कोणी धडधडीत खोटं बोललं. पण नाव पुकारलं की प्रत्येकजण दोन पायऱ्या चढून माझ्यात उभा राहायचा आणि कठडा घट्ट धरायचा. मला त्या सगळ्यांबद्दल थोडी माया होती. आपण कधी कोणाचा तिरस्कार करू, असं मला वाटलंच नव्हतं.

मग एक खेळण्यांची कंपनी माझ्या आयुष्यात आली.

पहिल्यांदा ती फिर्यादी होती. आरोपी होती एक शिवणकाम करणारी बाई. तिची धाकटी बहीण त्या कंपनीच्या गोदामात बाहुल्या खोक्यांत भरायची. एका दुपारी गोदामाला आग लागली. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. धाकटी त्या दाराशीच सापडली. थोरलीने आपल्या दुकानाबाहेर पाटी लावली : 'कुलूप लावणाऱ्या कंपनीने माझी बहीण मारली.' एवढंच. त्यावर कंपनीने तिच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला.

कंपनीचे वकील कळवळून बोलले. "मॅडम, कायद्याच्या नजरेत कंपनी ही एक व्यक्ती आहे. तिला नाव आहे, पत्ता आहे, अब्रू आहे. या पाटीमुळे माझ्या अशिलाला अतोनात मानसिक यातना झाल्या आहेत."

माझ्या कठड्यावर त्या बाईची बोटं होती. सुया टोचून टोचून खरखरीत झालेली. न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं, "पाटी काढणार का?"

"आधी कुलूप कोणी लावलं ते सांगा," ती म्हणाली. "मग काढते."

तीन तारखा ती माझ्यात उभी राहिली. फिर्यादी कंपनी एकदाही दिसली नाही. यातनांनी अंथरूण धरलं असावं बिचारीने! शेवटी आगीच्या चौकशीचा अहवाल आला, कुलपाची गोष्ट खरी निघाली आणि बाई सुटली.

पुढच्या वर्षी फासे उलटे पडले. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा खटला कंपनीवरच उभा राहिला. शिपायाने मला ओल्या फडक्याने पुसलं. कंपनीचं लांबलचक नाव तीनदा पुकारलं गेलं. कोणीच उठलं नाही. उठले ते तेच वकील.

"मॅडम, कंपनीला शरीर नसतं, मन नसतं. जिला मनच नाही, ती निष्काळजी कशी असेल? आणि पिंजऱ्यात उभं तरी कोणाला करणार?"

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "मन नाही म्हणता? मग गेल्या वर्षी यातना कुठे झाल्या होत्या, वकीलसाहेब?"

सगळे हसले. वकीलसाहेबांनी शांतपणे कागद उलटला. मित्रांनो, कोडगेपणा मी पुष्कळ पाहिला होता, पण तो घाम फुटणारा कोडगेपणा होता. हा थंडगार होता. मानपान घेताना ही बया माणूस, आणि जाब द्यायची वेळ आली की कागद!

"पुढच्या तारखेला कंपनीतर्फे एक जिवंत माणूस इथे उभा राहिला पाहिजे," न्यायाधीशबाईंनी बजावलं.

कंपनीने माणूस पाठवला. कोणाला? गोदामाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला! 'हे गृहस्थ कंपनीचे प्रतिनिधी' असं पत्र त्याच्या खिशात कोंबलं होतं. बावीस वर्षांत ज्याला बसायला साधं स्टूल दिलं नाही, त्याला एकदम स्वतःची जागा देऊन टाकली. तो माझ्यात चढला. पण त्याचे तळहात भाजून आखडले होते. त्याला माझा कठडासुद्धा नीट धरता येईना.

शिवणकाम करणारी बाई ताडकन उठली. "काका, तुम्ही खाली उतरा बघू आधी!"

"बाई, शांत बसा," शिपाई ओरडला.

"कशी बसू? आगीतलं ते कुलूप हे काका दगडाने फोडत होते. कडी तापली होती, तरी हातांनी ओढत होते. आणि यांनाच उभं करता?"

न्यायाधीशबाईंनी पहारेकऱ्याला विचारलं, "कुलूप तुम्ही लावलंत?"

"नाही, मॅडम. किल्ली ऑफिसात असायची. कामगार बाहुल्या पळवतात म्हणून हुकूम होता. वरून."

"वरून म्हणजे कोणाचा?"

वकिलांनी मोठ्याने घसा खाकरला. पहारेकऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या बाईकडे पाहिलं. नोकरी जाणार हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता.

"मोठ्या साहेबांचा," तो म्हणाला. "त्यांच्या सहीचा कागद फाटकावर लावला होता. आगीनंतर तो जाळून टाक, असं मला म्हणाले. मी जाळला नाही, मॅडम. माझ्या ट्रंकेत आहे."

मग न्यायाधीशबाई म्हणाल्या, "यांना तिथून उतरवा. समोर, साक्षीदाराच्या जागी उभं करा."

आरोपी माझ्यातून उतरून साक्षीदार झाल्याचं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढलं. तारखेला मात्र तो कागद घेऊन हजर होता.

त्या कागदापायी मोठे साहेब आले. डॉक्टरची चिठ्ठी दाखवून त्यांनी आधी खुर्ची मागितली. ती मिळाली नाही, तेव्हा कठड्यावर रुमाल अंथरून त्यावर दोन बोटं टेकवली. साहेबांना दोन वर्षांची कैद झाली, कंपनीला दंड. अपील झालं आणि साहेब जामिनावर आठवड्याच्या आत घरी पोचले. आणि कंपनी? तिने नाव बदललं! तेच फाटक, त्याच बाहुल्या, पाटी नवी. सायकलचोराने नाव बदललं तर त्याला फरारी म्हणतात. हिने बदललं तर ते बारसं, आणि पेढ्यांऐवजी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जाहिरात.

आता न्यायालय नव्या इमारतीत गेलं आहे. मी जुन्या कागदपत्रांच्या खोलीत पडून आहे. माझ्यात फायली रचल्या आहेत आणि एका पायाला वाळवी लागली आहे. अपील अजून चालूच आहे, असं शिपाई सांगतो.

मित्रांनो, वर्गात हजेरी घेताना तुमचं नाव आलं की तुम्ही 'हजर' म्हणून उभे राहता. नाव मिरवायचं तर तेवढी किंमत मोजावीच लागते. मला पॉलिश नको, कौतुकही नको. फक्त त्या वाळवीवर जरा औषध मारा. एक ना एक दिवस त्या कंपनीचं नवं नाव पुकारलं जाईल. तेव्हा उभं राहायला जागाच नव्हती, असं तिच्या वकिलांना म्हणता येऊ नये.