रोजचा पहिला फोटो

डोळ्यांच्या दवाखान्यात फोटोवाली बाई ती एकटीच. डोळ्याच्या मागच्या पडद्याचे फोटो काढायचं मशीन तिच्या हवाली होतं. रोज सकाळी पेशंट आत घेण्याआधी चाचणीचा एक फोटो काढायचा, असा तिथला नियम. त्याला निरोगी डोळा लागतो. सगळ्यांत तरुण तीच, म्हणून चार वर्षं तिचाच डोळा. शिपाई बटण दाबायचा, ती फोटो स्पष्ट आलाय ना एवढंच बघायची आणि कामाला लागायची.

घरी वडील. बीपीने त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांचं उठवणं-बसवणं, भरवणं, औषधपाणी सगळं तिच्या गळ्यात. त्यांची गोळी पाच मिनिटंही इकडची तिकडे होऊ द्यायची नाही ती. दोन वर्षांपूर्वी तिचंही बीपी जास्त निघालं, तेव्हा मिळालेल्या गोळ्या मात्र कपाटात पडून होत्या. एकोणतिसाव्या वर्षी कसलं आलंय बीपी, दमणूक आहे, झोप झाली की उतरेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. झोप काही झाली नाही. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. तीही आजारी पडली तर दोघांचं बघणार कोण?

त्या दिवशी चाळीस पेशंट उरकून ती भिंतीला टेकली होती. नव्या डॉक्टरीणबाई कॉम्प्युटरवर जुने फोटो चाळत होत्या.

"अहो, हा पेशंट कोण? नाव नाही, नुसतं 'चाचणी' लिहिलंय. रोज येतो की काय?"

ती जवळ गेली. बाईंनी चार वर्षांपूर्वीचा आणि आजचा फोटो शेजारी शेजारी लावला होता. आजच्या फोटोत बीपीने होतात तशा रक्तवाहिन्या बारीक झाल्या होत्या आणि एकमेकींना ओलांडतात तिथे खालची चेपलेली दिसत होती. असले फोटो तिने हजारांनी काढले होते. परक्याचा असता तर लांबूनच ओळखला असता.

"वय?"

"एकतीस. दोन वर्षं बीपी आहे. औषध घेत नाही."

"दिसायला त्रास नाही म्हणून का?" बाई वैतागल्या. "ही सुरुवात आहे. आत्ता गोळ्या घेतल्या तर इथेच थांबेल, कदाचित सुधारेलही. त्याला घरी कुणी सांगणारं नाही?"

"तिला," ती म्हणाली. "वडील आहेत. त्यांना बोलता येत नाही."

बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग बीपी मोजायचा पट्टा बाहेर काढला आणि खुर्ची पुढे ओढली.

संध्याकाळी घरी तिने वडिलांना सगळं सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे बघायचा धीर तिला झाला नाही. मग नवीन गोळी हातावर घेतली आणि तशीच बसून राहिली. तेवढ्यात वडिलांचा डावा हात हलला. त्यांनी स्वतःचा पाण्याचा पेला उचलून तिच्यापुढे धरला. निम्मं पाणी गादीवर सांडलं. तिने गोळी गिळेपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही.