आई पुढे बसते

“सायकल. डावीकडून,” आई म्हणाली, आणि बाबांनी स्टिअरिंग जरासं उजवीकडे घेतलं.

“पुढे रिक्षा आहे. थांबतेय बघा ती. थांबली.”

बाबांनी ब्रेक दाबला. मागच्या सीटवरून विनितानं केतकीकडे पाहून डोळे मिचकावले. आजीची कॉमेंटरी सुरू झाली म्हणजे भोपाळ आलं, असं नऊ वर्षांची केतकीसुद्धा आता म्हणायला लागली होती. दर वर्षी डिसेंबरच्या शेवटी दोघी मायलेकी पुण्याहून यायच्या, सुटी मिळाली तर विनिताचा नवरा अभिजीतही असायचा. सकाळी राणी कमलापती स्टेशनला उतरायचं. बाबा त्याला अजून हबीबगंजच म्हणत. बाहेर ते त्यांची जुनी पांढरी गाडी घेऊन उभे असायचे. चालवणार बाबा आणि पुढे बसणार आई, हा घरचा कायदा होता. आईला मागे बसलं की मळमळायचं. तिला स्वतःला सायकलही चालवता येत नव्हती, पण चाळीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला ती चाळीस वर्षं शिकवत आली होती, आणि सरकारी कचेरीत कुणाचं ऐकून न घेणारे गजाननराव गाडीत मात्र तिचं निमूट ऐकायचे. या गोष्टीवरून घरात भरपूर चेष्टा झालेली होती.

“केतकी, भूक लागली असेल ना गं? थांब, तुझ्यासाठी लाडू आणलेत.”

आई मागे वळली. डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. ती नखानं ते उचकटायला लागली, निघेना, म्हणून तिनं डबा विनितापुढे धरला. विनितानं हात पुढे केला आणि सहज तिची नजर समोरच्या काचेकडे गेली.

माता मंदिर चौकातला सिग्नल लाल होता. डाव्या बाजूनं एक बाई रस्ता ओलांडत होती आणि तिचं बोट धरून माकडटोपी घातलेलं एक पोर चाललं होतं. बाबांची मान सरळ होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर जागच्या जागी होते. गाडी जशी चालली होती तशीच चालली होती. आता दाबतील ब्रेक, विनिताला वाटलं. आता तरी.

“बाबा!”

टायर किंचाळले. डबा उलटला. ती बाई बॉनेटपासून हातभर अंतरावर उभी होती आणि पोराला तिनं मागे ओढलं होतं. तिनं बॉनेटवर थाप मारली.

“दिखता नहीं है क्या, अंकल!”

लाडू पायांशी फुटून पसरले होते. आई पुन्हा समोर वळून बसली. तिचा आवाज अगदी खाली आला होता.

“लाल आहे, अहो.”

मग सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले. बाबा हलले नाहीत. विनिता त्यांच्या मानेकडे बघत होती.

“हिरवा झाला. चला,” आई म्हणाली, तेव्हा कुठे त्यांनी गिअर टाकला.

तिथून कोटरा सुल्तानाबादचं घर येईपर्यंत विनितानं केतकीचा हात सोडला नाही. ती घाबरली होती. नुसती दचकली नव्हती, चांगली घाबरली होती. आई सांगेल तेवढंच बाबा करत होते. गाय म्हटलं की हळू, खड्डा म्हटलं की वळसा. लहानपणापासून जी बडबड ऐकून ती हसत आली होती, त्या बडबडीवर आज गाडी चालली होती, आणि गाडीत तिची मुलगी होती.

घरी आईनं चहा ठेवला. कप टेबलावर ठेवताना तिनं तो बाबांच्या बरोबर समोर ठेवला आणि बशी मुद्दाम वाजवली. बाबांनी कप उचलला. बिस्किटांची ताटली उजवीकडे होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. विनितानं ती हळूच समोर सरकवली.

“अरे, बिस्किटंपण आहेत वाटतं,” बाबा म्हणाले.

तेवढ्यात शेजारचा गिरीश डोकावला. वीज मंडळात नोकरी करणारा, भल्या स्वभावाचा आणि पोटात काही न राहणारा माणूस.

“दीदी, गाड़ी ने रास्ते में परेशान तो नहीं किया? परसों अपन ने ही धक्का मारके चालू करी थी.”

“धक्का?”

“अब सालभर खड़ी रहती है न. आप आती हो तभी निकलती है. बाकी टाइम तो अंकल-आंटी ऑटो से ही आते-जाते हैं.”

बाबा पेपर उघडून बसले होते. त्यांनी पान उलटलं. आई स्वयंपाकघरात गेली. दर रविवारी फोनवर बाबा सांगायचे, आज गाडी भदभद्याच्या धरणापर्यंत फिरवून आणली, मस्त चालते अजून. विनिताला त्यातला एकेक रविवार आठवला.

दुपारी आई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली, तेव्हा विनिता तिच्या मागोमाग वर गेली.

“कधीपासून?”

काय कधीपासून, असं आईनं विचारलं नाही. तिनं चादर झटकली.

“काचबिंदू आहे. कळला तेव्हा बाजूचं दिसणं गेलंच होतं. समोरचं दिसतं, पण नळीतून बघावं तेवढंच. गेलं ते परत येत नाही म्हणाले डॉक्टर. उरलेलं टिकवायचं. थेंब घालते रोज दोन वेळा.”

“आणि तू त्यांना गाडी चालवू देतेस?”

“वर्षातून दोनदाच गं. तुम्हाला आणायला आणि पोचवायला.”

“आई, आज ती बाई...”

“माझी चूक झाली. मी मागे वळायला नको होतं.”

हे तिनं इतक्या साध्या आवाजात सांगितलं की विनिताच्या अंगावर काटा आला. चिमटे लावता लावता आई बोलत राहिली. काल दोघं ऑटोनं स्टेशनपर्यंत जाऊन आले होते. मेट्रोसाठी कुठे खोदलंय, कुठे रस्ता वळवलाय, कुठला दुभाजक नवा आहे, सगळं तिनं पाहून ठेवलं होतं आणि रात्री त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं. ऑटोवाला चक्रावला होता. स्टेशनपर्यंत जाऊन गाडीत न बसता परत येणारी म्हातारी माणसं त्यानं पाहिली नव्हती.

“पण का, आई? मी काय रिक्षा करून आले नसते?”

“तिकीट काढलंस की तुझं पहिलं वाक्य काय असतं? बाबा येतील ना घ्यायला? एकदा नाही म्हटलं की सगळंच बाहेर येणार. मग अभिजीतराव म्हणतील, चला पुण्याला. चुकीचं नाही म्हणणार ते.” आईनं रिकामी बादली उचलली. “पण मग इथे तू कशाला येशील? कुणाकडे?”

विनिताला तिचा भयंकर राग आला. खाली केतकी आजोबांशी पत्ते खेळत होती. आजोबा पानं डोळ्यांसमोर नाकाला लागतील इतकी धरून बसले होते आणि तिला वाटत होतं, ते लपवतायत.

“त्यांना बोलू नकोस,” आई म्हणाली. “एकदाच उरलंय आता. तुम्हाला पोचवायला.”

पुढचे आठ दिवस विनितानं जीव मुठीत धरून काढले. वनविहारला जायचं ठरलं तेव्हा केतकीला ऑटोच आवडते असं तिनं सांगून टाकलं. बाजारात जायचं तर पायीच बरं म्हणाली. परतीच्या दिवसासाठी कॅब बोलावते म्हटलं, तर बाबांनी चष्मा कपाळावर चढवला.

“घरची गाडी दारात असताना?”

अभिजीतला फोन लावायला तिनं दोनदा मोबाईल हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. गाडीची किल्ली लपवावी, असंही तिच्या मनात येऊन गेलं. बाबांशी सरळ बोलावं म्हणून ती त्यांच्यासमोर जाऊन बसली, की ते विचारायचे, काय विनू, आणि ती चहाचं विचारून उठायची. पुण्यात ती पंचवीस माणसांचं ऑफिस सांभाळायची. इथे वडिलांना दोन वाक्यं बोलायची तिची छाती होत नव्हती. स्टेशनला जाताना ती गाडीत असेल, ओरडायला. पण दोघींना सोडून परत येताना बाबांबरोबर गाडीत फक्त आई असणार, आणि आईला एखादी शिंक आली तर? डोळे मिटले की तिला ती माकडटोपी दिसायची.

निघायच्या दिवशी सकाळी तिनं केतकीला आधीच पढवून ठेवलं.

“आजोबा, आई म्हणते तिला भोपाळमध्ये गाडी चालवता येते. मी म्हटलं, छे! आमची पैज लागलीय.”

“बाबा, आज मी चालवू?” विनिता म्हणाली. तिला वाटलं होतं आवाज सहज निघेल. निघाला नाही.

बाबा गाडीच्या दाराशी उभे होते. पुसून लख्ख केलेली गाडी, अंगात तपकिरी स्वेटर, हातात किल्ली. त्यांनी आजवर ती कुणाच्या हातात दिली नव्हती, जावयाच्याही नाही.

“तुला कुठे इथले रस्ते माहीत आहेत?”

“तुम्ही सांगा ना.”

त्यांनी किल्ली दिली. गाडीच्या पुढून बॉनेटला हात लावत लावत ते डाव्या बाजूला गेले आणि बसले. आई मागे केतकीजवळ बसली. मळमळीचा विषय तिनं काढला नाही.

“आता गतिरोधक येईल,” बाबा म्हणाले. आला. “पुढे किराणा दुकानापाशी रस्ता अरुंद होतो.” झाला. सगळं त्यांना पाठ होतं, सगळं बरोबर येत होतं. विनिताला क्षणभर वाटलं, आपणच उगाच घाबरलो की काय.

“नेहरू नगरचं वळण आलं?”

“आलं.”

“डावीकडे पाण्याची टाकी दिसली?”

एक बस उजवीकडून अंगावर येत होती. विनिताचं सगळं लक्ष आरशात होतं.

“दिसली, बाबा.”

त्यांनी मान हलवली. पुढची दोन वळणंही त्यांनी नीट सांगितली. माता मंदिरचा सिग्नल लागला, गाडी थांबली, तेव्हा ते म्हणाले,

“ती टाकी जूनमध्येच पाडली.”

विनितानं स्टिअरिंग घट्ट धरलं. मागे आईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

“आईनं सांगितलं तुला?”

“नाही. आम्ही आलो त्या दिवशी मीच पाहिलं. इथेच.”

बाबा समोर बघत होते. त्यांचे हात मांडीवर होते, एकात एक गुंतवलेले.

“बाईचा आवाज ऐकला मी,” ते म्हणाले. “तिच्याबरोबर मूल होतं का?”

आठ दिवस ते हे कुणालाही विचारू शकले नव्हते. विनिताला नाही म्हणता आलं असतं. आई मागून तेच सांगेल, अशी भीतीही तिला वाटली. पण आई काही बोलली नाही.

“होतं,” विनिता म्हणाली. “चारेक वर्षांचं असेल.”

सिग्नल हिरवा झाला. ती निघाली. स्टेशन येईपर्यंत बाबांनी एकही वळण सांगितलं नाही. ती एकदा चुकली आणि लांबून फिरून आली, तरीही नाही.

पार्किंगमध्ये तिनं गाडी लावली, सामान उतरवलं. किल्ली हातात घेऊन ती उभी राहिली. ती कुणापुढे करावी तिला कळेना. बाबांनी हात पुढे केला नाही.

“आईकडे दे,” ते म्हणाले. “गिरीश संध्याकाळी येऊन घेऊन जाईल गाडी. आम्ही ऑटोनं जातो.”

आईनं किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

रेल्वे सुटायला वीस मिनिटं होती. जिन्यापाशी बाबा थांबले. गर्दी त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती. ते कुठेच बघत नव्हते.

“पुढच्या वर्षी स्टेशनवर यायचं जमणार नाही मला, विनू.”

“नका येऊ,” ती म्हणाली. तिनं त्यांचा दंड धरला. “तुम्ही घरीच थांबा. आम्ही येतो.”