मानसिंगतात्यांचा नंबर

कळंबच्या मानसिंगतात्यांनी साखर कारखान्याचे संचालक म्हणून वीस वर्षं ऊसतोडणीचा क्रम ठरवला. टोळी आधी कुणाच्या फडात जायची, हे नोंदवहीपेक्षा त्यांच्या भुवईवर ठरायचं. भुवई वर गेली की नोव्हेंबरात तोड. नाही गेली तर उसाला तुरे येऊन, वजन घटून एप्रिल उजाडायचा. नातेवाइकांत मात्र त्यांनी कधी भेदभाव केला नाही.

आज बारामतीच्या दवाखान्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. सकाळी डॉक्टर तात्यांकडे न बघता मुलाला म्हणाले, "लांबची मंडळी असतील तर बोलावून घ्या." मुलगा फोन करायला बाहेर गेला, तो गेलाच.

तात्यांना ऑपरेशनचा झगा चढवायला आली ती भागूबाई, दवाखान्यातली आया. निमगाव केतकीची, ख्रिस्ती. तिच्या उसाला तात्यांच्या कृपेनं दोनदा तुरे आले होते. दोघांनाही ते आठवत होतं.

"भागूबाई, तुमच्या देवाकडं कुणाला तारायचं त्याची नोंद असती म्हणं?"

"असती की. जग व्हायच्या आधीपासनं."

"मंग आमचा नंबर कितवा?"

"नावं त्यानं लिवली, त्यालाच ठावं. कुणाची चिठ्ठी चालत न्हाय तितं."

"देवळाला कमान दिलीय मी. शाळेला दोन खोल्या."

"चांगलं केलं. पर त्यावर कुणी सर्गाच्या आत जात न्हाय, तात्या. येशूशेजारी वधस्तंभावर एक चोर टांगलेला. दान न्हाय, पुण्य न्हाय. मरता मरता मागितलं, आन् त्याच दिशी आत."

"चोर आधी? क्रम मोडून?"

"क्रमाचं तुमी नका बोलू," भागूबाई म्हणाली. हसली नाही.

बाहेर स्ट्रेचरची चाकं कुरकुरली. तात्यांनी दाराकडं पाहिलं. "आन् त्यानं मला न्हाय म्हटलं तर?"

"मागणाऱ्याला त्यानं हाकललेलं न्हाय. पर मागावं लागतं."

"मला सवय न्हाय."

"ठावं हाय. मागायला आमीच यायचो."

दोन वॉर्डबॉयनी त्यांना उचलून स्ट्रेचरवर टाकलं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी तात्यांनी तिचा पदर धरला. "काय म्हणू?"

"दया कर, म्हणा."

"येशू, दया कर. मी तुला..." सवयीनं पुढं काही द्यायचं कबूल करणार होते, द्यायला काही सापडेना. "दया कर," एवढंच पुन्हा म्हणाले. दार मिटलं. वरचा लाल दिवा लागला.

भागूबाई तिथंच उभी राहिली. ह्याला देवानं आत घेऊ नये, असं तिला मनापासून वाटत होतं. पण तिला विचारलं होतं कुणी?