पिवळी दारं

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची दारं गावातल्या सेवाभावी क्लबनं वर्षभरात पिवळीधमक रंगवली. मदतीला धावणाऱ्याला शोधाशोध नको, म्हणून. शिवाय प्रत्येकाची जादा किल्ली क्लबकडे. ही अक्कल क्लबातल्या पेंटरचीच. वार्षिक सभेत टाळ्या पडल्या, तेव्हा स्वारी काय फुशारली होती!

मग दोन पिवळ्या दारांमागे चोरी झाली, तीही कुलूप न तोडता. पेंटरनं स्वतःच्या आईचं दार तेवढं रंगवलं नव्हतं. ‘मी आहे ना’ म्हणायचा. त्यानं तिला फोन लावला.

“आई, कुणालाही दार उघडू नकोस.”

“नाही रे बाबा, रंग ओला आहे अजून. तुमच्या क्लबचा माणूस सकाळीच येऊन गेला. गुणी हो! किल्लीसुद्धा आठवणीनं मागून नेली.”