हेझलच्या कार्डाची मागची बाजू

२००६ साली अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला मुलाकडे कायमच्या राहायला आल्यावर सुचित्राकाकूंचं मेतकूट जमलं ते शेजारच्या हेझलशी. हेझल नव्वदीची, एकटी, डोळ्यांनी अधू होत चाललेली. काकूंचं इंग्रजी तोडकंमोडकं. पण दोघींना भरतकामाचा नाद, तेवढ्यावर भागायचं.

हेझलकडे रेशमी पोस्टकार्डांचा जाडजूड अल्बम होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या बायका घरबसल्या झिरझिरीत रेशमाच्या पट्टीवर एकच चित्र पुन्हा पुन्हा भरायच्या. मग एकेक तुकडा कापून कागदी चौकटीत चिकटवला जायचा आणि शिपाई तो घरी धाडायचे. जमवणारे लोक टाका बघतात, रंग विटलाय का ते बघतात. हेझल म्हणायची, "मी मागची बाजू जमवते. पेन्सिलीनं लिहिलेली."

काकूंनी मान डोलावली होती. तेव्हा कळलं नव्हतं, की कळूनही मनावर घेतलं नव्हतं, हे पुढे त्यांचं त्यांनाच सांगता येईना.

जुलैत हेझलनं त्यांच्या हातात एक कार्ड ठेवलं. जांभळी फुलं, पिवळं फुलपाखरू. तुझ्याकडे राहू दे, म्हणाली. काकूंना वाटलं, शिवणाला दिलं. गोकुळाष्टमी तोंडावर आलेली, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण चार बोटांचा. त्यांनी कार्ड वाफेवर धरून रेशीम अलगद सोडवलं, जरीची किनार लावली, आणि देवाला देखणा शेला झाला. उरलेला कागद रिसायकलिंगमध्ये गेला. तो त्यांनी उलटूनसुद्धा पाहिला नाही.

अष्टमीचं कीर्तन सगळ्यांच्या सोयीनं शनिवारी संध्याकाळी, बेसमेंटमध्ये ठेवलं होतं. काकूंचा कीर्तनावर भारी जीव. हेझललाही बोलावलं होतं. खुर्चीत टेकता टेकता ती काकूंच्या कानाशी लागली, "ते कार्ड आज मला वाचून दाखव. माझ्या वडिलांचं शेवटचं. मी दोन वर्षांची होते, ते परत आलेच नाहीत. आता मला दिसत नाही, आणि शेवटची ओळ काही केल्या आठवत नाही."

"नंतर," काकू म्हणाल्या, आणि पुढे जाऊन बसल्या.

मोरेश्वरबुवांनी पूर्वरंग छान रंगवला. काकूंच्या कानात एक शब्द शिरेल तर शपथ. मध्यंतरात बुवांना हार घातला, बुक्का लावला, तसे बुवा देवाकडे बघून म्हणाले, "काय सुरेख शेला आहे हो. कुणाच्या तरी मायेचा दिसतोय."

सून इला कौतुकानं म्हणाली, "आमच्या आईंनी केलाय."

सगळे काकूंकडे बघायला लागले. एरवी त्या लाजून हसल्या असत्या. आज त्या उठल्या, हेझलचा हात धरून तिला देव्हाऱ्याशी आणलं आणि तिचं बोट शेल्यावर ठेवलं.

बोट फुलांवरून फिरलं, फुलपाखरापाशी थांबलं.

"कागद?" हेझलनं विचारलं.

"फेकला. न वाचता." काकू म्हणाल्या.

हेझलनं बोट फुलपाखरावरून काढलं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. देवाच्या अंगावरचं वस्त्र पूजेत उतरवू नये, हे काकूंना लहानपणापासून ठाऊक. तरी त्यांनी कान धरून नमस्कार केला, शेला काढला आणि हेझलच्या ओंजळीत दिला. मग बुवांना सुरू करा म्हणून सांगितलं आणि तिला घेऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या. आठवेल ते सांग, मी लिहून घेते, म्हणाल्या.

"हेझल, इथे फार पाऊस आहे. आईला त्रास देऊ नकोस. मी येताना तुला..." हेझल थांबली. "काय आणणार होते, तेच आठवत नाही."

काकूंनी तेवढंच लिहिलं. पुढची जागा कोरी राहिली.

आत पाळणा सुरू झाला. दोरी ओढायला इलानं हाक मारली. काकू गेल्या, दोरी ओढली. पण उघड्या खांद्यांच्या त्या देवाकडे त्यांना मान वर करून बघवेना.