पाय असलेली अक्षरं

हे शहाण्णव सालचं. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात साधनाचं एका खोलीचं दुकान होतं, आणि त्या दुकानात बारा महिने काहीतरी पांढरं तरंगत असे. थर्माकोलचे कण. लग्नाच्या स्टेजवर लावायची नवरानवरीची नावं ती तापल्या तारेने कापायची. दुपारचं ऊन दारातून आत आलं की कण त्यात संथ फिरत, आणि कोपऱ्यात बसलेल्या तिच्या सासूबाई, कुसाबाई, म्हणत, “साधने, आज धुकं लय पडलंय.”

धुकं त्यांच्या डोळ्यांत होतं. मोतीबिंदू पिकत आलेला, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्या जेवण सोडायच्या.

साधनाची अक्षरं आधी चारचौघींसारखी बारीक होती. पण नदीवरून वारा आला की मांडवात त्यांची टोकं तुटायची. एकदा तर अक्षता पडायच्या आधी नवरदेवाच्या नावातला काना पडला. तेव्हापासून तिने दांड्या जाड केल्या आणि प्रत्येक दांडीच्या तळाशी, दोन्हीकडे पसरणारं एक छोटं पाऊल दिलं. सोपं नव्हतं ते. जाडी वाढवली की ‘य’चं पोट बुजायचं, ‘ख’ आतल्या आत गुदमरायचा. मग तिने दांडी भरदार ठेवली आणि वळण जिथे दांडीला भेटतं तिथे ते निमुळतं केलं. आपली अक्षरं रेघेला टांगलेली असतात, दोरीवरच्या कपड्यांसारखी. साधनाची खाली पाय टेकून उभी राहिली.

शाळेचं तोंडही न पाहिलेल्या कुसाबाईंनी एक अक्षर मांडीवर घेऊन चाचपलं.

“ह्याला तं पाय हायेत गं!”

“पडू नये म्हणून, आई.”

“मंग मला हे वळखू येईल. सायखेडा कापून दे.”

सायखेडा त्यांचं माहेर. तिथे त्यांची बहीण विठाबाई होती, आणि नजर पुरती जायच्या आत तिचं तोंड एकदा पाहायचं, एवढंच कुसाबाईंच्या मनात होतं. तेही एकटीने जाऊन, कोणाला न विचारता. मागच्या खेपेला एका भल्या माणसाने हात धरून त्यांना गाडीत बसवलं, ते थेट नांदगावच्या. “इचारलं की मान्सं पिशवीवानी उचलून ठेवत्यात,” त्या म्हणायच्या. मुलगा भारत म्हणे, “मी सोडतो की गाडीवर!” पण त्याचा भाजीचा गाळा त्याला कधी सोडत नसे.

मग रोज दुपारी कुसाबाई कापून दिलेल्या ‘सायखेडा’वरून बोटं फिरवत. डोळा लागला की त्यांना तीच अक्षरं दिसत. गोदेच्या घाटाने, पायऱ्या उतरून, ओल्या पावलांनी माहेराकडे चाललेली.

पण एसटीच्या पाट्या बारीक अक्षरांच्या. पाट्या रंगवणारा रावजी मुलीच्या लग्नाची नावं सांगायला दुकानात आला, तेव्हा साधनाने त्यालाच गाठलं.

“रावजीभाऊ, नावांचे पैसे नकोत. सायखेड्याची पाटी माझ्या अक्षरांत रंगवा.”

“अहो वहिनी, गाडीला चाकं असताना पाय कशाला?”

“घसरली तर?” कोपऱ्यातून कुसाबाई म्हणाल्या.

रावजी हसला. पुढच्या आठवड्यात जुनी पाटी रंगवायला आली, तेव्हा त्याने तिच्या सायखेड्याच्या बाजूला साधनाची अक्षरं जाड रंगाचे दोन हात देऊन उठवली.

तो दिवस आला. साधना स्टँडवर उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाआड उभी राहिली. पुढे यायचं नाही अशी तिला शपथ होती. गाडी लागली. खिडकीच्या गजाला पाटी अडकवलेली, पण तिच्यावर बारीक, फिकट ‘नाशिक’. कंडक्टर पाटी उलटी करायला विसरला होता. कुसाबाई पाटीच्या पुढ्यात नाक नेऊन उभ्या. माणसं चढली. घंटी वाजली. साधना गुऱ्हाळाआडून एक पाऊल पुढे आली, आणि थांबली. एक हाक मारली असती तर काम झालं असतं, पण मग ते जाणं कुसाबाईंचं राहिलं नसतं.

तेवढ्यात म्हातारीने पाटीच्या मागे हात घातला. बोटं जाड रंगावरून सरकत तळाशी गेली, आणि थांबली. त्यांनी पाटी गजावरून काढली, फिरवली, परत अडकवली.

“कंडक्टरदादा, सायखेडं पाठीला बांधून कुठं निघालास रं?”

गाडीभर हसू उसळलं. कंडक्टर कान धरून म्हणाला, “चुकलो, मावशी. बसा पुढं.”

“बसते. हात नको लावू.”

गाडी गेली, तरी साधना बराच वेळ तिथेच उभी होती. हातातल्या रसातला बर्फ कधीच विरघळला होता.

कुसाबाई महिनाभर माहेरी राहिल्या. नव्याण्णव साली विठाबाईनेच त्यांना ऑपरेशनला राजी केलं. पट्टी निघाल्यावर दुकानात येऊन त्यांनी अक्षरं नीट पाहिली आणि म्हणाल्या, “एवढी जाडी? मला वाटलं, माझ्यासारखी सडपातळ असतील.” दोन हजार चारमध्ये त्या गेल्या, आणि वर्षाच्या आत विठाबाईही. भारतचा गाळा त्याचा मुलगा बघतो. फ्लेक्स आले तेव्हा साधनाने तार बंद केली. एका कॉम्प्युटरवाल्याने फॉन्टसाठी तिची अक्षरं उतरवून घेतली, आणि आता ती द्राक्षांच्या खोक्यांवर, शाळेच्या कमानीवर, ट्रॅक्टरच्या मागे भेटतात. रावजी निवृत्त झाला त्या दिवशी भंगारात निघालेली ती पाटी मागून घेऊन आला. दुकानाच्या दाराला ती अजून आहे, सायखेड्याची बाजू बाहेर करून. पावलांवरचा रंग मात्र पार उडालाय. साधना दार लावताना रोज त्यांवरून बोटं फिरवते.