वेलेन्त्सेची खोली

विल्मोश मास्तरांनी पुस्तकात वाचल्याशिवाय आयुष्यात काही केलं नव्हतं. "माझ्याशी लग्नसुद्धा वाचूनच केलं असणार, फक्त पुस्तक चुकलं," असं त्यांची बायको एतेल्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. मास्तर हसत. ते भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. माणसांशी बोलण्यापेक्षा नकाशाशी बोलणं त्यांना सोपं जाई.

त्या हिवाळ्यात बुडापेस्टच्या त्यांच्या छोट्याशा घरात जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरली नव्हती. वाचनालयातली पुस्तकं, रेल्वेची वेळापत्रकं, नकाशे. मास्तर एतेल्काला व्हेनिसला नेणार होते, आणि तेही कुठल्या सहलीबरोबर नाही, आपलं आपण.

याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीनं, रेकानं, दोघांना बससहलीतून व्हिएन्नाला पाठवलं होतं. एतेल्काचा खुबा दुखरा. दर थोड्या वेळानं तिला टेकायला लागतं. पण सहलीचा वाटाड्या सारखा पुढे, आणि सगळे त्याच्यामागे धावताहेत. दुपारपर्यंत तिनं हात टेकले आणि उरलेलं व्हिएन्ना बसमध्ये बसून पाहिलं. म्हणजे समोर उभ्या असलेल्या दुसऱ्या बसची चाकं पाहिली. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "छान आहे हो शहर. टायर फार स्वच्छ ठेवतात."

ते वाक्य मास्तरांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

रेकाला हा बेत अजिबात पसंत नव्हता. "बाबा, तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला जाता आणि ताक घेऊन येता. तुम्ही आईला परदेशात नेणार?"

"एकदाच झालं होतं ते."

"बरं, जा. पण यात काही गोंधळ झाला ना, तर यापुढे मुकाट्यानं मी सांगेन त्या बसमध्ये बसायचं. दोघांनी. कबूल?"

मास्तरांनी एतेल्काकडे पाहिलं. ती भांडी पुसत होती. "कबूल," ते म्हणाले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. हंगेरियन माणूस व्हेनिसला व्हेनिस म्हणत नाही, वेलेन्त्से म्हणतो. आणि बुडापेस्टपासून लोकलनं थोड्याच अंतरावर एका उथळ तळ्याच्या काठी एक गाव आहे, त्याचंही नाव वेलेन्त्से. ते मास्तरांना ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी त्या तळ्यातच ते पोहायला शिकले होते. पण अख्खा हिवाळा पुस्तकांत बुडून काढल्यावर त्यांच्या डोक्यात एकच वेलेन्त्से उरलं होतं. म्हणून कम्प्युटरवर जेव्हा 'वेलेन्त्से, पाण्याकाठी, शांत खोली, दोघांसाठी' असं दिसलं, आणि तेही परवडणाऱ्या भाड्यात, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. मालकीणबाईचं नावही हंगेरियन होतं, बोरिश्का. केवढं हे नशीब! त्यांनी धीर करून फोन लावला आणि आपण निवृत्त मास्तर असल्याचं सांगितलं.

"पाणी जवळ आहे का हो?"

"जवळ? अहो मास्तर, बाग संपली की पाणीच. सकाळी बदकं उठवतात."

व्हेनिसमधल्या बदकांबद्दल कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पण पुस्तकात सगळं थोडंच असतं, मास्तरांनी स्वतःची समजूत घातली. "आणि होड्या?"

"आमच्या ह्यांची आहे की. म्हणाल तिथे फिरवून आणतील. फक्त गायला सांगू नका, आवाज फाटका आहे."

"पाणी फार चढतं का हो? वाचलंय मी."

"चढतं? आटत चाललंय हो! देवाला हात जोडतोय आम्ही, चार थेंब टाक म्हणून."

"अरेरे. तुम्ही हंगेरियन मात्र फार छान बोलता."

"लहानपणापासून सवय आहे, मास्तर," बोरिश्काबाई सावधपणे म्हणाल्या.

त्या रात्री जेवताना मास्तरांनी एतेल्काला व्हेनिसचं पाणी का आटत असावं यावर बरंच काही सांगितलं. खोली पक्की झाली, आणि तिच्या भरवशावर त्यांनी आगगाडीची स्वस्तातली तिकिटं काढून टाकली. स्वस्त म्हणजे परत न होणारी.

निघायला थोडे दिवस उरले असताना बोरिश्काबाईंचा फोन आला. "मास्तर, कुठल्या गाडीनं येताय? सामानासाठी हे सायकल घेऊन येतील स्टेशनवर."

"व्हिएन्नाला गाडी बदलणार. संध्याकाळी पोचू."

"कुठे बदलणार?"

"व्हिएन्नाला."

"अहो, आमच्याकडे यायला व्हिएन्ना कशाला? तुमच्या बुडापेस्टच्या देली स्टेशनवर लोकलमध्ये बसा की. तुमच्या वयाला तर तिकीटही लागत नाही!"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. नकाशे, पुस्तकं, टेबल, सगळं एकदम लांब गेल्यासारखं वाटलं. "बाई," त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या इथे समुद्र... नाही का?"

फोनमधून उचक्यांसारखं काहीतरी ऐकू आलं. मग त्यांना कळलं की बाई हसताहेत, आणि हसता हसता ठसका लागलाय. "अगं बाई! अहो मास्तर, अहो, तुम्हाला *ते* वेलेन्त्से हवं होतं?" मग त्यांना मास्तरांची दया आली असावी. "नका वाईट वाटून घेऊ. खोली रद्द करते मी, काही द्यायला नको. पण आमच्या ह्यांना सांगू का? फार दिवसांत हसले नाहीत ते."

"सांगा," मास्तर म्हणाले. आता काय राहिलं होतं!

ते बराच वेळ कम्प्युटरपुढे बसले. व्हेनिसमधल्या ज्या खोल्या शिल्लक होत्या त्यांची भाडी बघून डोळे मिटावेसे वाटत होते. चाळीस वर्षं मुलांना गावं, नद्या, डोंगर दाखवले आणि आपल्याला दोन वेलेन्त्से ओळखता येऊ नयेत? दूध आणि ताक. रेका काही चुकीचं बोलली नव्हती. आता एतेल्का पुन्हा बसमध्ये बसणार, पुन्हा टायर बघणार. थाप मारावी का? आपल्याला बरं नाही म्हणून सांगावं? पण थाप मारणं त्यांना कधी जमलं नव्हतं. त्याबद्दलचं पुस्तकही त्यांनी वाचलेलं नव्हतं.

स्वयंपाकघरात एतेल्का प्रवासासाठी पोगाचा करत होती. लाटलेल्या पिठातून छोट्या पेल्यानं गोल गोल खारे पाव कापणं चाललं होतं. मास्तर दारात उभे राहिले.

"एतेल्का, मी गाढव आहे."

"ते ठाऊक आहे. आज नवीन काय?"

त्यांनी सगळं सांगितलं. बदकांसकट. एतेल्काच्या हातातला पेला हवेतच राहिला. मग ती पिठाच्या हातांनीच खुर्चीवर बसली. ही आता रडणार, असं मास्तरांना वाटलं.

"म्हणजे आपण त्या पाण्याकाठच्या खोलीत राहायचं नाही?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. मला माफ..."

"हुश्श!" एतेल्का म्हणाली, आणि इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचं पीठ उडालं. "देवा, जीव भांड्यात पडला! अरे विली, खालच्या मजल्यावरची गिझी मला म्हणाली, तिथे शेकड्यांनी पूल आहेत आणि प्रत्येकाला पायऱ्या. सामान घेऊन चढायच्या न् उतरायच्या. माझ्या या खुब्यानं? महिनाभर डोळ्याला डोळा नाही. आडवी झाले की पूलच दिसतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढा खुशीत होतास! टेबलाशी बसून गुणगुणायचास. लग्नानंतर पहिल्यांदा. आणि बोलले असते तर रेका दुसऱ्या दिवशी बसचं तिकीट घेऊन दारात उभी."

इतके महिने मास्तर प्रत्येक गाडीची, प्रत्येक फलाटाची माहिती काढत बसले होते, आणि शेजारच्या उशीवरच्या माणसाला एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

"बस," एतेल्का म्हणाली. "मला व्हेनिस बघायचंच आहे. पण सामान न घेता, दिवसा जाऊन यायचं. तुझी ती गाडी व्हेनिसच्या आधी कुठे थांबते का? सपाट गावात?"

हे मात्र मास्तरांना झोपेतही सांगता आलं असतं. "उदिने. मग कोनेल्यानो. मग त्रेव्हिसो." ते थांबले. "त्रेव्हिसो सपाट आहे. रस्त्यांच्या कडेनं कमानी आहेत, सावलीतून चालता येतं. तिथून व्हेनिसला छोट्या गाड्या सारख्या जातात. आणि तिकीट तेच चालेल, एतेल्का! फक्त आधी उतरायचं!"

"मग उतरू या की."

त्रेव्हिसोमध्ये जोगिणींच्या एका मठात पाहुण्यांसाठी खोल्या होत्या. साध्या, स्वस्त आणि लिफ्ट असलेल्या. मास्तरांनी फोन केला. तिकडच्या सिस्टरला मोडकंतोडकं जर्मन येत होतं, मास्तरांनाही तेवढंच, त्यामुळे दोघांचं छान जमलं. मठाचं दार रात्री लवकर बंद होतं, ती म्हणाली. "आपण कुठे नाचायला जाणार आहोत?" मागून एतेल्का म्हणाली.

"सिस्टर, त्रेव्हिसो म्हणजे इटलीतलंच ना?" मास्तरांनी विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. फोन ठेवताना पुन्हा एकदा.

"होय हो, इटलीतच आहे," सिस्टर शांतपणे म्हणाली. "सकाळी प्रार्थनेला उठले तेव्हा तरी होतं."

मग ते गेले. त्रेव्हिसोला उतरले, जेवले, झोपले. सकाळी हात हलवत छोट्या गाडीनं व्हेनिसला पोचले आणि स्टेशनासमोरूनच पाण्यावरच्या बसमध्ये बसले. एतेल्काला अगदी पुढची जागा मिळाली. दोन्ही बाजूंनी घरं पाण्यातून वर आलेली, ओल्या पायांनी उभी असल्यासारखी. ती नुसती मान इकडून तिकडे वळवत राहिली. मास्तरांनी घरांपेक्षा तिच्याकडेच जास्त पाहिलं.

वाटेतल्या एका धक्क्यावर ते उतरले. पूल न ओलांडता एक छोटा चौक लागला. झाडाखाली बाक होता, पोरं भिंतीवर चेंडू मारत होती, वरच्या खिडकीतून एक बाई त्यांच्यावर ओरडत होती. एतेल्का बाकावर बसली.

"पुढे एक चर्च आहे," मास्तर म्हणाले. "आतली चित्रं फार..."

"तू बघून ये. मी इथेच आहे."

मास्तरांनी चर्चच्या दिशेनं पाहिलं. मग ते तिच्या शेजारी बसले.

फोन वाजला. रेका होती. "बाबा, सगळं ठीक आहे ना? आई कुठंय?"

"बसली आहे."

"बघा! दमवलंत ना तिला?"

"नाही गं. दमली नाही. बसली आहे."

रेका आवाज थोडा मऊ करून म्हणाली, "बरं वाटतंय का तिला? आता पुढे कुठे? कधी निघणार तिथून?"

मास्तरांनी एतेल्काकडे पाहिलं. तिनं बूट सैल केले होते आणि चेंडू कुठे जातो ते बघत होती.

"तुझ्या आईला विचारलं नाही अजून," मास्तर म्हणाले. "आणि आम्हाला काही घाई नाही."